बारा दीड अठरा

ऑक्टोबर आला की सिंगापुरात पासिर रिसच्या एमआरटी स्टेशनजवळचं पुस्तकांचं दुकान पार फुटपाथवर येतं. एरवी आत कपाटात असणारी असेसमेंट बुकं, म्हणजे सरावाच्या गणितांची जाडजूड पुस्तकं, बाहेर टेबलांवर ढिगानं रचली जातात आणि ऑफिसातून घरी निघालेल्या आया हातातल्या भाजीच्या पिशव्या सांभाळत तिथे घुटमळतात. माझ्या घरात आता शाळेत जाणारं कुणी नाही. माझी लेक सई अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली, मेलबर्नला असते. तरी मी थांबते. चौथीच्या गणिताचं पुस्तक उचलते, मागच्या पानांवरचं सगळ्यात अवघड गणित निवडते, उभ्या उभ्या मनात सोडवते आणि उत्तरांच्या पानावर जाऊन ताडून बघते. बरोबर आलं की इतका आनंद होतो की विचारू नका. दुकानदार मला ओळखून आहे. "आंटी, एव्हरी इयर यू सॉल्व्ह, नेव्हर बाय," म्हणतो.

त्याला कुठे माहीत, की ऑक्टोबरात माझ्या डोक्यात आपोआप दीडकी सुरू होते. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार. चारच्या सुमारास आभाळ काळं होतं, समुद्राकडून गडगडाट येतो, शाळेच्या मैदानावर विजेची धोक्याची घंटा वाजते आणि मुलं आत पळतात. त्या घंटेच्या सुरात मला सातव्या मजल्यावरचा आमचा कॉरिडॉर दिसायला लागतो. चटई, दोन मुली, चपलांची मांडणी, आणि मध्ये बसलेली मी, चाळिशीची, बेकार आणि उत्साहानं नुसती फसफसलेली.

ते साल दोन हजार सात. आम्हाला सिंगापूरला येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. श्रीकांत, माझा नवरा, जुरोंग आयलंडवर इंजिनियर. बेटाच्या एका टोकाला नोकरी आणि दुसऱ्या टोकाला घर, असा आमचा शहाणपणा. पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि संध्याकाळी सातला गळ्यात पास लटकवलेला, डोळे मिटायला आलेला नवरा परत आणून द्यायची. मी मुंबईतली बँकेची नोकरी सोडून आले होते. तिथे माझं काम कर्जाची कागदपत्रं तपासायचं. बारीक अक्षरातल्या अटी वाचायची मला इतकी सवय, की औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा मी सोडत नाही.

इथे तर फॉर्मच फॉर्म. आणि प्रत्येकावर 'रेस' नावाचा एक रकाना. चायनीज, मलय, इंडियन, अदर्स. जातीचे रकाने भरून भरून मोठी झालेली मी, मला त्याचं काय नवल? 'इंडियन'वर खूण केली आणि मोकळी झाले. त्या एका खुणेनं सईची मातृभाषा हिंदी होऊन गेली, कारण यादीत मराठी नव्हती. दर शनिवारी ती दुसऱ्याच शाळेत हिंदी शिकायला जायची आणि घरी येऊन मला इंग्रजीत सांगायची की तिची मातृभाषा फार अवघड आहे.

आमच्या शेजारच्या दारात रोहानी राहायची. मलय, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. म्हणून मी तिला काक रोहानी म्हणायचे. काक म्हणजे ताई. खालच्या दवाखान्यात ती नोंदणीच्या खिडकीशी बसायची. तिची धाकटी सुहैला आणि माझी सई चौथीच्या एकाच वर्गात. दोघी एकत्र लिफ्टनं खाली जायच्या, एकत्र वर यायच्या आणि मधल्या वेळात पायताणं हरवायच्या.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायला मला लाज वाटते. जुलैत सहामाहीचा निकाल लागला. सुहैला गणितात सपशेल आपटली होती. त्या रात्री जेवताना मी सईला म्हणाले, "जरा त्या चिनी मुलींच्यात बसत जा की. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं व्हायचं." सईला म्हण कळली नाही, पण आईचा सूर बरोबर कळला. वरणभाताचा घास तोंडात तसाच ठेवून, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून ती म्हणाली, "मम्मा, दॅट्स सो रेसिस्ट, लाह." श्रीकांत ताटात बघून हसत राहिला. मी तिला बोलायचं वळण नाही म्हणून रागावले. पण रात्रभर ते टोचत राहिलं, कारण कार्टी खरं बोलली होती.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी दोघींच्या घरी शिकवणीची पत्रकं आली. इथे ज्या त्या समाजाची शिकवणी असते. माझ्याकडे आलेल्या पत्रकावर भारतीय मुलांचे फोटो, रोहानीकडच्या पत्रकावर मलय मुलांचे. दोघी पोरी हट्टाला पेटल्या, जायचं तर एकाच ठिकाणी. मी दोन्हीकडे फोन केले. दोन्हीकडे गोड आवाजात तेच उत्तर: तुमची मुलगी आनंदानं पाठवा, शेजारची मात्र तिच्या शिकवणीला. म्हणजे शाळेचं बाक एक, पुस्तक एक, घरासमोरचा कॉरिडॉर एक आणि गणित मात्र वंशवार. माझं टाळकं सणकलं. फोन ठेवला आणि चटई उचलली.

"मी शिकवते दोघींना," मी रोहानीला सांगितलं. "रोज साडेपाच."

"यू शुअर, वै?" ती म्हणाली. माझं वैशाली हे नाव तिनं पहिल्याच दिवशी कापून वै करून टाकलं होतं.

शुअर वगैरे काही नव्हते. पण बसले.

इथल्या शाळेत गणितं पट्ट्या काढून सोडवतात. रामजवळ इतके, अलीजवळ त्याच्या तिप्पट, की काढा एक लहान पट्टी आणि तीन जोडलेल्या पट्ट्या. पद्धत उत्तम आहे, हे मला आज कळतं. तेव्हा मला तो शुद्ध पोरखेळ वाटला होता. कारण माझं गणित वडिलांचं. आमचे दादा साताऱ्यात कापडाच्या दुकानात विक्रेते. सव्वा मीटरचे सात तुकडे, पाऊण मीटरचे अठरा, दीडाचे बावीस. गिऱ्हाईकाचं वाक्य संपायच्या आत दादांचं उत्तर तयार. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, हे अपूर्णांकांचे पाढे त्यांनी मला कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवून पाठ करून घेतले. "गिऱ्हाईक उभं असताना कागद-पेन्सिल शोधतो, तो दुकान बुडवतो," असं ते म्हणायचे. मी तेच दोन पोरींना शिकवलं. पाढे मराठीतच, कारण इंग्रजीत त्यांना ताल नाही. "वन अँड अ हाफ टाइम्स सेव्हन" म्हणेपर्यंत सात दीड साडेदहा होऊन पोरगी पुढे गेलेली असते.

सई कंटाळली. सुहैलाला मात्र झिंग चढली. तिला शब्दांचे अर्थ कळत नव्हते तेव्हाही चाल कळली. टाळ्या वाजवत, लिफ्टची वाट बघत, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत तिचं चाललेलं असे: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन! तिसऱ्या आठवड्यात ती थांबली, माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी! पाऊण इज द थ्री-क्वार्टर, इझन्ट इट? मामाज केक!" तिची आई ईदला थराचा केक करायची आणि कापताना पाव भाग बाजूला काढून उरलेला पाहुण्यांना ठेवायची. पोरीनं तो केक डोळ्यांसमोर आणला आणि अख्खी पाऊणकी तिच्या हातात आली. मी उठून नाचायचीच बाकी होते. नाचलेही बहुधा थोडीशी, कारण समोरच्या इमारतीतल्या चिनी आजोबांनी कुंड्यांना पाणी घालता घालता वर बघितलं होतं.

मग रमजान आला. सुहैलाचे त्या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण दिवसाचे रोजे. मी विसरून तिच्यापुढे चिवड्याची वाटी ठेवायची आणि जीभ चावायची. ती हसून वाटी सईकडे सरकवायची. चांगीला उतरणारी विमानं डोक्यावरून जायची, घराघरांतून रेंदांगच्या मटणाचा मसाला परतल्याचा वास यायचा आणि आमचा पाढा जसा सूर्य खाली जाईल तसा वेग घ्यायचा. सातच्या सुमारास रोहानीच्या रेडिओवर अजान लागली की सुहैला जिथे असेल तिथे थांबायची. "अकरा दीड..." आणि तोंडात खजूर. तो गिळून मग "...साडेसोळा!" त्याच वेळी लिफ्टमधून श्रीकांत बाहेर यायचा आणि रोहानी त्याच्याही हातावर खजूर ठेवायची. असा तो भरगच्च, घामट, आनंदी महिना. त्यापूर्वी इतक्या दिवसांत मला सिंगापूर आपलं वाटलं नव्हतं; त्या चटईवर वाटायला लागलं.

ईद झाली. परीक्षा झाली. दोघी गणिताच्या पेपरवरून उड्या मारत आल्या. "आंटी, द लास्ट फोर, ऑल माय हेड!" सुहैला ओरडली. शेवटची चार मोठी गणितं, सगळी मनात. मी दोघींना जवळ ओढलं. पट्ट्या काढायची मी त्यांना सवयच ठेवली नव्हती. कागदावर पसारा कशाला? उत्तर लिहा नि पुढे चला. ही माझी शिकवण, आणि ही माझी चूक. ती चूक किती महागात पडेल याची मला दिवाळीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सुतराम कल्पना नव्हती.

त्या संध्याकाळी मी चकल्या तळत होते. इथे तपासलेले पेपर पालकांच्या सहीसाठी घरी येतात. सई दोन पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली, एक तिचा, एक सुहैलाचा. दोन्ही ओट्यावर पिठाच्या परातीशेजारी ठेवले.

"मम्मा, सेम आन्सर्स. बोथ नो वर्किंग. हाउ कम?"

मी हात पुसून बघितलं. शेवटची चार गणितं. दोघींची उत्तरं चारही बरोबर, दोघींनी पायऱ्या एकही लिहिलेली नाही. सईच्या पेपरवर पूर्ण गुण, हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का आणि लाल शाईत: शाब्बास, पुढच्या वेळी पायऱ्या दाखव. सुहैलाच्या पेपरवर चारही उत्तरांना मोठं प्रश्नचिन्ह, गुण शून्य आणि त्याच लाल शाईत, त्याच हातानं: ही कुणाची उत्तरं? मला येऊन भेट.

कढईतली चकली काळी झाली. मी गॅस बंद केला.

सुहैला कुणाला भेटली नव्हती. ती घाबरून गप्प बसली होती. चार गणितांचे गुण धरले तर ती चांगली पास होत होती, सोडले तर नापास. आणि त्या नापासावर बरंच काही अवलंबून होतं. इथे चौथीच्या शेवटी शाळा ठरवते की पाचवीपासून कुठलं मूल कुठला विषय 'स्टँडर्ड' घेणार आणि कुठला 'फाउंडेशन', म्हणजे सोपा. आधी याच्या तुकड्या होत्या, त्यांना वेगळी नावं होती. त्या वर्षी नावं बदलून प्रकार जरा मऊ केला होता. पण फाउंडेशनच्या गणितात गेलेलं मूल माध्यमिकला बहुधा खालच्याच वाटेला लागतं आणि तिथून वर येणं फार कठीण, हे प्रत्येक आईला ठाऊक होतं. दहा वर्षांच्या पोरीची वाट एका प्रश्नचिन्हावर ठरत होती.

मी दोन्ही पेपर घेऊन शेजारी गेले. रोहानी दवाखान्यातून नुकतीच आली होती. तिनं पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाली (बोलली इंग्रजीतच, मी माझ्या भाषेत सांगते), "दरवर्षी वर्तमानपत्रात येतं ना, वै? पोरांचे निकाल वंशवार. आलेखात चार रेघा. गणितात सगळ्यात खालची आमची. टीचरसुद्धा वर्तमानपत्र वाचतात."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून त्यांना नवल वाटलं." ती उठली, टेबलावरून एक कागद आणला. शाळेचा फॉर्म. गणित: फाउंडेशन. खाली तिची सही. "मी काल करून टाकली. शाळेला जास्त कळतं."

मी माझ्या सवयीनं फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. आणि माझ्या अंगात वीज शिरली. "काक, ही शिफारस आहे! शाळा शिफारस करते, निवड पालकांनी करायची. हे बघ, दोन चौकोन. तू खूणच केली नाहीस, नुसती सही केलीस!"

दिवसभर खिडकीत बसून लोकांचे फॉर्म तपासणारी बाई. एक रकाना रिकामा राहिला तर म्हाताऱ्यांना परत बोलावून भरून घेणारी. स्वतःच्या लेकीच्या फॉर्मवर तिनं न वाचता सही केली होती. तिनं कागद ओढून घेतला आणि त्या चौकोनांवरून बोट फिरवलं. सुहैला दाराआडून ऐकत होती.

सातला श्रीकांत आला. मी एका दमात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शाळेशी वाद घालू नकोस. आपण इथे नवे. सईला त्याच शाळेत अजून दोन वर्षं काढायचीत." मग जेवायला बसला, दोन्ही पेपर ताटाशेजारी ठेवून चकली खात एकेक उत्तर तपासलं. तिसऱ्या चकलीला म्हणाला, "शुक्रवारी सुट्टी टाकू का? मीही येतो." संतापी माणसापेक्षा हा शांत माणूस पेटला की मला जास्त धीर येतो. पण म्हटलं नको, बायकाच जाऊ.

दिवाळी झाली. उटणं लावलं, फराळ झाला, पण माझं चित्त शुक्रवारात. त्या दिवशी आम्ही चौघी शाळेत गेलो: मी, रोहानी, दोघी मुली. मी दिवाळीची म्हणून बाईंसाठी चकल्यांचा डबा घेतला होता. गेटपाशी रोहानीनं माझा दंड धरला. "गुण मागायला चाललीस आणि खाऊ घेऊन? अलामाक, वै!" डबा मी पिशवीत खोल ढकलला. आपल्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत, हे तिथे कुणाला समजावणार?

गणिताच्या शिक्षिका मिसेस लो. तरुण होत्या, दमलेल्या होत्या, टेबलावर चाळीस पेपरांचे तीन ढीग. मी दोन पेपर त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते पाहिले आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वाईट बाई नव्हती ती. "हिला वर्षभर हे येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "अचानक चार बरोबर, आणि एकही पायरी नाही. मी विचारायलाच हवं होतं." मी म्हटलं, "कुणाचं बघून लिहिणार? सई पहिल्या बाकावर, ही शेवटच्या." त्यांनी दोन्ही पेपर बाजूला सारले. मग सुहैलाकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, "दीड मीटरचे अठरा तुकडे. किती मीटर?"

सुहैलानं डोळे मिटले. शाळेच्या त्या थंडगार खोलीत, गणवेशाचा पिनाफोर घातलेल्या, दोन वेण्यांच्या त्या मलय मुलीनं खणखणीत मराठीत सांगितलं, "अठरा दीड सत्तावीस!"

"सॉरी?"

"ट्वेंटी-सेव्हन, चेर." चेर म्हणजे पोरांच्या तोंडी झिजलेलं टीचर.

"अठ्ठावीसचे तीन चतुर्थांश?"

"अठ्ठावीस पाऊण एकवीस. ट्वेंटी-वन!"

"सव्वाचे बारा?"

"बारा सव्वा पंधरा!"

मिसेस लोंनी खुर्ची पुढे ओढली. आता त्या विचारत होत्या त्या खात्री करायला नव्हे, गंमत म्हणून. सुहैला गालांवर लाली चढवून, टाचा उचलून एकामागून एक उत्तरं फेकत होती. मला दादा आठवले, त्यांची कापडावरून फिरणारी बोटं आठवली, आणि मी पिशवीच घट्ट धरून ठेवली. शेजारच्या टेबलावरचे शिक्षक पेन ठेवून ऐकत होते. रोहानी रडत होती आणि हसत होती.

सईला हे सगळं कौतुक एकटं सुहैलाला मिळालेलं कसं सहन होणार? "आस्क मी! आस्क मी!" तिनं हात वर केला. मिसेस लो हसून म्हणाल्या, "दीडाचे चौदा."

सई छताकडे बघत बोटं मोजू लागली. "ट्वेंटी... टू?"

"एकवीस," सुहैला कुजबुजली. सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता थांबले. सईचं उत्तर चुकलं होतं, आणि तरीही त्या खोलीत कुणाला, मलासुद्धा, तिच्या पेपराची शंका आली नव्हती. तो पेपर तिथेच टेबलावर पडला होता, हसऱ्या शिक्क्यासकट. मी मिसेस लोंकडे पाहिलं. त्याही त्या शिक्क्याकडेच बघत होत्या.

"तुम्ही माझ्या मुलीला का नाही विचारलं?" मी म्हटलं. भांडायला नव्हे. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी लाल पेन उचललं, सुहैलाच्या पेपरावरची चारही प्रश्नचिन्हं एकेक करून खोडली, गुण लिहिले, बाजूला सही केली. मग उभ्या राहून सुहैलाला "सॉरी" म्हणाल्या. चौथीतल्या मुलीला शिक्षिका उभं राहून सॉरी म्हणते, हे मी माझ्या आयुष्यात तोवर पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलेलं नाही.

फॉर्मचं काम मात्र रोहानीचं होतं. शाळेनं शिफारस बदलली नाही. वर्षभराचे गुण कमीच, त्याला त्यांचाही इलाज नव्हता. ऑफिसातून कोरा फॉर्म मिळाला. मी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही, स्वतःच्या पर्समधून दवाखान्यातलं निळं पेन काढलं. खुर्चीत ताठ बसली आणि रोज खिडकीत वाचून दाखवते तशी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली. नाव. वर्ग. रेस. त्या रकान्यावर क्षणभर थांबली, पुढे गेली. शेवटी ते दोन चौकोन. "मला शाळेची शिफारस मान्य नाही" असा अर्थ असणाऱ्या चौकोनात तिनं इतक्या जोरात खूण केली की कागद मागून फुगला. शाळेबाहेर येऊन आम्ही चौघींनी बसस्टॉपच्या बाकावर चकल्यांचा तो डबा संपवला. इतकी कुरकुरीत चकली माझ्या हातून परत कधी झाली नाही.

पुढची दोन वर्षं सोपी नव्हती. सुहैला कधी पास झाली, कधी काठावर आली. मी पट्ट्या काढायला शिकले, पुस्तकं आणून, हट्टानं, आणि तिला शिकवल्या. पण मला राहून राहून वाटायचं, सईला मी पायऱ्या लिहायची इतकी सक्ती कधी केली का? नाही केली. सई आजही उत्तर लिहून पुढे जाते आणि तिचं निभावतं. तिच्यासारखीला हुशारी आधी दिली जाते आणि पुरावा नंतर मागतात, कधी मागतच नाहीत. मी भारतातून हे घेऊनच आले होते. तिकडे माझ्या आडनावाला ते आपोआप मिळत होतं. इथे येऊन 'इंडियन' झाले, नवखी झाले, तरी गणिताच्या तासाला ते माझ्या लेकीला परत मिळालं. आमची पोरं गणितात हुशारच, असं आम्ही मराठी मंडळी एकमेकांच्या घरी जेवायला जमलो की म्हणतो ना, ते ऐकलं की आता मला चार प्रश्नचिन्हं दिसतात. मी तसं बोलूनही दाखवते. त्यामुळे हल्ली मला जेवायला कमी बोलावतात.

आणि आता हा ऑक्टोबर. काल चारला गडगडाट झाला, घंटा झाली, मी पोह्यांच्या चिवड्याची तयारी मांडली. बाहेर कॉरिडॉरमधून आवाज आला, "नऊ दीड साडेतेरा, दहा दीड पंधरा..." मी दार उघडलं. सुहैला आलेली. ती आता हॉस्पिटलात औषधनिर्माती आहे. लहान बाळांचे औषधाचे डोस काढते. मनात क्षणात काढते आणि मग ओळीनं सगळं लिहून ठेवते. तिच्या थोरल्या भावाची मुलगी दानिया यंदा चौथीत, पुढच्या महिन्यात तिचाही फॉर्म येईल. रोहानी गुडघे धरून दारातल्या खुर्चीवर बसलेली, चटई तीच नाही पण तिथेच.

दानियानं गणिताचं उत्तर लिहिलं. अकरा दीड साडेसोळा. बरोबर. पान उलटायला लागली तशी सुहैलानं तिच्या वहीवर बोट ठेवलं. "आता हे कसं आलं ते लिही."

"व्हाय? आन्सर करेक्ट ऑलरेडी, व्हॉट."

सुहैलानं माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल फारसं बोललो नाही. मला म्हणावंसं वाटलं, राहू दे गं, पोरीला पुढे जाऊ दे. पण मी कोण ते म्हणणार?

"लिहून ठेव," सुहैला म्हणाली. "तुला विचारतील."

दानियानं पेन्सिल चावली. आत्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वहीवर वाकून तिनं उत्तराच्या वरच्या मोकळ्या जागेत पायऱ्या लिहायला घेतल्या. पट्ट्या नव्हेत. इंग्रजी अक्षरांत, ओळीखाली ओळ, मार्जिन ओलांडून: एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार, पार अकरापर्यंत. रोहानी खुर्चीतल्या खुर्चीत हसायला लागली. सुहैला म्हणाली, "हे मिसला कळायचं नाही."

"देन लेट हर आस्क, लाह," दानिया म्हणाली. "आय विल से फॉर हर."

आणि वही मिटून ती उभी राहिली, टाळ्या वाजवत, पहिल्यापासून.